आवक नंबरासकट

कळमखुट्याच्या चर्चमध्ये दर रविवारी तिसरं गीत संपलं की शकुन मेहरे उठायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि सरकारसाठी प्रार्थना करायची. सरकार म्हणजे दिल्ली-मुंबईचं मोघम सरकार नव्हे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, ठाणेदार, तहसीलदार, कलेक्टर. प्रत्येकाचं नाव, हुद्दा आणि त्याच्या टेबलावर ख्रिस्ती मंडळीचं कुठलं काम अडून बसलंय ते. मग त्याला सुबुद्धी आणि त्याच्या लेकराबाळांना आरोग्य. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. त्यासाठी तिने दोनशे पानी वही घातली होती. ती भरली, दुसरी भरली, आता तिसरी चालू होती. साहेबाची बदली झाली की नावाखाली रेघ, नवा आला की नवं पान. तलाठी बदलल्याचं गावाला महिन्याने कळायचं, शकुनच्या वहीत ते पहिल्याच रविवारी उतरलेलं असायचं.

तिला एक खोड मात्र होती आणि त्या खोडीवरून अख्खी मंडळी तिची थट्टा करायची. ग्रामपंचायतीत अर्ज दिला की आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का बसतो आणि त्या शिक्क्यात आवक नंबर लिहितात. शकुन तो नंबर प्रार्थनेत घ्यायची. “हे प्रभू, ग्रामसेवक साहेबांनी चौदा जूनला आमचा दफनभूमीचा अर्ज घेतला, आवक नंबर एकशे बारा, त्याची त्यांना आठवण दे.” तिची सासू जाईबाई भर चर्चमध्ये फणकारायची, “देवाले काय नंबर लागते व?”

शकुन डोळे न उघडता सांगायची, “देवाले नाही लागत, आई. साहेबाले लागते. देव आठवण देईन, तं कोनत्या कागदाची देईन?”

यावर सगळे हसायचे.

तिचा दुसरा नियम मात्र हसण्यासारखा नव्हता. फार पूर्वी एका निवडणुकीत मंडळीने एका उमेदवाराच्या विजयासाठी प्रार्थना केली होती. उमेदवार पडला ते सोडा. पण मंडळीतले दोन सख्खे भाऊ दोन पार्ट्यांचे निघाले, आणि देवाला आपल्या पार्टीत ओढलं म्हणून धाकट्याने चर्चची पायरी सोडली. तीन वर्षं तो आला नाही. त्याच्या पोरीच्या लग्नाला मोठा भाऊ गेला नाही. तेव्हा शकुनच्या नवऱ्याने, शालिकरामने, ठरवून टाकलं: जो खुर्चीवर बसला आहे त्याच्यासाठी प्रार्थना करायची, जो खुर्चीकडे पाहून राहिला आहे त्याच्यासाठी नाही. शालिकराम पुढे वारला, नियम राहिला.

आणि शालिकराम वारला तिथेच सगळी मेख होती.

कळमखुट्यात ख्रिस्ती घरं सोळा. कुणी वावर कसणारं, कुणी शकुनसारखं फुलं-भाजी पिकवणारं. जाईबाईच्या नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण इतक्या वर्षांत या सोळा घरांना गावात माती द्यायला हातभर जागा मिळाली नाही. माणूस गेला की टेम्पो करायचा आणि अकोल्याला न्यायचं. तिथल्या मंडळीने कधी नाही म्हटलं नाही, उपकारच केले. पण उपकाराच्या जागेत आपला माणूस ठेवून परत यायचं म्हणजे काय असतं, ते शकुनला शालिकरामच्या वेळी कळलं. रस्त्यात टायर फुटलं. जूनचा उकाडा होता. शालिकराम रस्त्याच्या कडेला उघड्या पेटीत दोन तास पडून होता, आणि ती त्याच्या तोंडावरच्या माश्या पदराने हाकलत होती. ती त्या दिवशी रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग तिने अजून खाली ठेवला नव्हता.

नाल्याकाठी ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची जमीन पडून होती. तिच्यातले दहा गुंठे दफनभूमीसाठी द्यावेत, एवढाच अर्ज. तो तीनदा दिला होता, तीन वेगवेगळ्या ग्रामसेवकांच्या काळात. तिन्ही पोचा शालिकरामने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी कुंदन चर्चमध्ये हंगामाच्या सणाला पाहुणा म्हणून आला. हा सरपंच पंजाबरावांचा पुतण्या, पांढऱ्या कपड्यातला, गोड बोलणारा. पंगतीत मांडी घालून जेवला, दोनदा भाकर मागून घेतली, आणि म्हणाला, “कागद द्या माह्याजवळ, साहेबाले दाखवतो. महिनाभरात काम.” सगळ्यांनी भरल्या पोटी माना डोलावल्या, आणि शकुननेही पिशवी जशीच्या तशी त्याच्या हातात दिली. झेरॉक्स काढावी हे सोळा घरांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपल्या पंगतीत जेवलेल्या माणसाकडे कोण झेरॉक्स मागतं?

महिना कधीच सरला. आता कुंदन जिल्हा परिषदेला उभा होता.

पास्टर शांतवन सकाळीच शकुनच्या वावरात आले. ती झेंडू तोडत होती, कमरेला फुलांची ओटी बांधलेली. पास्टर मूळचे अचलपूरचे, चाळिशीतले, स्वभावाने गरीब. कोणाला नाही म्हणताना त्यांना घाम फुटायचा, आणि आत्ता तो फुटलेला होता.

“सलाम, शकुनमावशी. येत्या रविवारी कुंदनभाऊ उपासनेला येणार आहेत.”

“येऊ द्या ना. चर्चचं दार कोनाले बंद हाय?”

“त्यांची इच्छा आहे की तुम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवून विजयासाठी प्रार्थना करावी. तुम्हीच. सरकारसाठीची प्रार्थना तुमची, हे गावाला माहीत आहे. तुमच्या तोंडून गेलं म्हणजे सोळा घरांचं गेलं, असं ते म्हणतात.”

“अन्?”

“आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी कागद परत. दहा गुंठ्यांचा ठरावही करून देतो म्हणाले.”

शकुनने हातातलं फूल ओटीत टाकलं, दुसरं तोडलं. “पास्टर, हा नियम कोनं केला व्हता, तुमाले माईत हाय.”

“माहीत आहे. पण मावशी, ही जागा आपण आपल्यासाठी नाही मागत, मेलेल्यांसाठी मागतो. त्यांच्यासाठी एक वाक्य बोललं तर देव रागावेल का?” पास्टर खरंच कळवळून विचारत होते. “मला पुन्हा कोणाला टेम्पोत घालून न्यायचं नाही हो.”

हे शकुनला लागलं. शालिकरामच्या वेळी टेम्पोत तिच्या समोर हेच बसले होते आणि पूर्ण रस्ताभर त्यांनी एका हाताने पेटी धरून ठेवली होती. ती त्यांना वाईट कसं म्हणणार? पण जे वाक्य ते मागत होते ते तिच्या तोंडात बसतच नव्हतं.

“पाहीन मी,” एवढंच ती म्हणाली.

घरी आली तर जाईबाईला बातमी आधीच लागलेली. म्हातारी शहाऐंशीची, कंबर मोडल्यापासून बाजेवरच. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं आणि पावसाळा निघेल असं काही ते म्हणाले नव्हते. पण जीभ अजून पंचविशीची होती.

“करून टाक ना व एक प्रार्थना. तोंडचीच तं हाय. तोंडाले काय भाडं लागते?”

“आई, देवाच्या घरात बसून मताचा सौदा कसा करू?”

“सौदा म्हन नाहीतं काही म्हन. मले अकोल्याले जाचं नाही.” म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला. “हिवरखेडाहून पंधरा वर्साची आली मी या गावात. सत्तर वर्सं इथची धूळ खाल्ली. मेल्यावर काहून दुसऱ्याच्या गावाले जाऊ? तिथं माह्या वळखीचं कोन हाय?”

“बाबा हायेत, आई. तुमचा लेक हाय.”

“त्याहीले बी जाचं नव्हतं,” जाईबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

त्या आठवड्यात शकुन नीट जेवली नाही. एका बाजूला बाजेवरची म्हातारी, दुसऱ्या बाजूला एक वाक्य. वाक्य ते केवढं! पण ती जितका विचार करी तितकी तिला चीड येई. जागा आपल्या हक्काची, अर्ज आपला, पोचा आपल्या, आणि त्या देण्यासाठी हा आपल्याकडूनच देवाची चिठ्ठी मागतो. आज विजयासाठी हात ठेवला, उद्या दुसरा येईल, परवा तिसरा. मग रविवारी आपण कोणापुढे उभे राहतो हे पोरांना कसं सांगायचं?

रविवारी कुंदन आला. सोबत आठ-दहा पोरं, एकाच्या हातात मोठा कॅमेरा. डोक्यावर रुमाल बांधून तो पहिल्या बाकावर बसला. सगळी गीतं त्याने टाळ्या वाजवत म्हटली, शब्द येत नसताना. तिसरं गीत संपलं. पास्टर उठले, घसा खाकरला. “आज शकुनमावशी आपल्या कुंदनभाऊंसाठी प्रार्थना करतील.” कुंदन लगेच पुढे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि डोकं वाकवलं. कॅमेरावाला बाजूने वाकला.

शकुन उठली. पदर घेतला. वही उघडली.

सरपंचापासून सुरुवात केली. ग्रामसेविका, तलाठी, ठाणेदार, तहसीलदार, कलेक्टर, सगळे झाले, आवक नंबर झाले. कुंदनची मान अवघडायला लागली. शेवटी शकुन म्हणाली, “हे प्रभू, गावात निवडणूक हाय. जे उभे हायेत त्या समद्याहीले बायकापोरांत सुखरूप ठेव. भांडनं होऊ देऊ नको. अन् आमाले आमचं मत कोनाले विकू देऊ नको. येशूच्या नावानं मागतो, आमेन.”

आमेन म्हणायचं की नाही हे कोणाला कळेना. दोन-तीन बारके आवाज आले. कुंदन तसाच गुडघ्यांवर होता. त्याने मान वर केली. “काकू, माह्यासाठी राह्यलं.”

“झालं ना. समद्यात तू आला.”

“डोक्यावर हात?”

“हात ठेवाचा तं बिमार मानसावर ठेवतो आमी. तुले काय झालं?” मागून कोणीतरी फिसकन हसलं. शकुन हसली नाही. “कुंदन, मत कोनाले द्याचं ते आमी ज्याचं त्यानं पाहू. तुले बी देईन कोनी. पन ते मतपेटीपाशी. इथं नाही. इथं खुर्चीवर बसलेल्यासाठी प्रार्थना होते. तू बस खुर्चीवर, दर रविवारी तुह्यं नाव घेईन. नाही घेतलं तं मले इचारजो.”

कुंदन उठला. गुडघ्यांवरची धूळ झटकली. चेहऱ्यावरचं हसू त्याने सांडू दिलं नाही, ही त्याची कमाल. दारात फक्त एवढं म्हणाला, “कागद माह्याजवळ आहेत, काकू. ध्यानात ठेवजा.”

“ध्यानात हाय. दोन वर्सांपासून हाय.”

बाहेर आल्यावर पास्टर तिच्याशी बोलले नाहीत. आणि घरी जाईबाई चार दिवस बोलली नाही. भाकर कुस्करून दिली की खायची, पण नजर भिंतीला. ते मौन शकुनला कुंदनच्या धमकीपेक्षा जड गेलं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

पाचव्या दिवशी ती फुलं घेऊन अमरावतीला गेली होती. दुपारी परतली तर शेजारच्या दीपमालाने मोबाइल पुढे केला. त्यात जाईबाई होती. बाजेवर बसलेली, मागे उशी लावलेली, आणि कुंदनच्या डोक्यावर तिचा हात. खाली लिहिलेलं: ख्रिस्ती समाजाच्या ज्येष्ठ मातेचा आशीर्वाद, विजय निश्चित.

शकुन घरात शिरली. म्हातारीने या वेळी तोंड फिरवलं नाही.

“हो, ठेवला हात,” ती म्हणाली. “म्या मागितलं त्याले, दहा गुंठे देशीन ना? म्हने, आजी, निकालाच्या दुसऱ्या दिवशी. मले मराचं हाय, शकुन. तुले नाही मराचं अजून. मनून तुले नियम सुचतात.”

 शकुनने फुलांची रिकामी टोपली भिंतीला टेकवली आणि म्हातारीचे पाय चेपत बसली. राग होता, पण तो म्हातारीवर काढायचा नव्हता.

कुंदन निवडून आला. चांगल्या फरकाने आला. गुलाल उधळला, डीजे वाजला, मिरवणूक चर्चसमोरून गेली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जाईबाई सकाळपासून दाराकडे डोळे लावून होती. तिसऱ्या दिवशी तिने पास्टरांना पाठवलं. पास्टर संध्याकाळी परत आले ते अंगणातच उभे राहिले.

“काय म्हने?” जाईबाईने आतून विचारलं.

“म्हणाले, कागद ऑफिस बदलताना कुठं गेले ते सापडत नाहीत. आणि दफनभूमीचा विषय नाजूक आहे, गावात वाद होईल, पुढच्या टर्मला पाहू.”

“पुढची टर्म कवा असते?”

“पाच वर्षांनी, आजी.”

म्हातारी हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग तिने आपला उजवा हात समोर धरला आणि त्याकडे पाहत राहिली, जणू त्याला काही लागलं आहे. “ह्याच हातानं,” ती म्हणाली. आणि मग, आठवड्यांनंतर पहिल्यांदा, नेहमीच्या आवाजात, “शकुन, तुह्या त्या वह्या कुठी हायेत?”

वह्या ट्रंकेत होत्या. शकुनने तिन्ही काढल्या. त्या रात्री नव्हे, लख्ख सकाळी, बाजेवर पाय सोडून दोघी बसल्या आणि पान न् पान चाळलं. चौदा जून, आवक एकशे बारा. अठ्ठावीस ऑगस्ट, आवक दोनशे तीन. नऊ डिसेंबर, आवक सत्याऐंशी. तारीख, वर्ष, ग्रामसेवकाचं नाव, सरपंचाचं नाव, सगळं प्रार्थनेच्या भाषेत पण शिक्क्यासारखं चोख. जाईबाईला वाचता येत नव्हतं. ती नुसतं आकड्यांवर बोट फिरवत होती.

“देवाले नंबर लागत नाही,” ती पुटपुटली, “पन बरं झालं व, तू आयकलं नाही माह्यं.”

मे महिन्याच्या एक तारखेला ग्रामसभा होती. शाळेच्या मैदानात मंडप, खाली सतरंज्या, पुढे टेबल. सरपंच पंजाबराव मधोमध, बाजूला ग्रामसेविका आरती मॅडम, आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर नवे जिल्हा परिषद सदस्य कुंदनभाऊ, गळ्यात हार. हार शकुनच्याच वावरातल्या झेंडूचा होता. धंदा धंद्याच्या जागी.

पंजाबरावांनी सुरुवात केली तोच फाटकाशी गलका झाला. चार माणसं खांद्यावर बाज घेऊन येत होती, पुढच्या बाजूने पास्टर शांतवन. बाजेवर पांढरी चादर. मंडपातली माणसं आपसूक उभी राहिली. कोणी टोपी काढली, कोणी हात जोडले. पंजाबरावही उठले.

“बसा, बसा,” बाजेवरून आवाज आला. “जित्ती हावो अजून.”

बाज टेबलासमोर टेकवली. जाईबाईने चादर बाजूला केली. उन्हासाठी घेतली होती ती. “मी मतदार हावो या गावची. यादीत नाव पाहून घ्या. मले ग्रामसभेले एक इचाराचं हाय. मी मेल्यावर मले कुठी गाडता?”

  पंजाबराव कसनुसे हसले. “आजी, असं काहून बोलता? शंभर वर्सं जगान तुमी.”

“शंभरनंतर कुठी गाडता?”

शकुन पुढे झाली. तिच्या काखेत तिन्ही वह्या होत्या. “सरपंच साहेब, ई-क्लासमधले दहा गुंठे ख्रिस्ती दफनभूमीसाठी द्याचा अर्ज हाय. त्याच्यावर आज ठराव घ्या.”

“अर्ज?” पंजाबरावांनी पुतण्याकडे एक नजर टाकली. “असा अर्ज ग्रामपंचायतीत कधी आलाच नाही. असन तं पोच दाखवा.”

कुंदन हारातल्या पाकळ्या खुडत बसला होता.

शकुनने पहिली वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. “हे प्रभू, चौदा जूनला आमचा दफनभूमीचा अर्ज ग्रामसेवक साहेबांनी घेतला, आवक नंबर एकशे बारा...”

“अहो बाई,” पंजाबराव खेकसले, “इथं प्रार्थना चालत नाही. ही ग्रामसभा हाय.”

“मी प्रार्थना करून नाही राह्यली, साहेब. वाचून राह्यली. प्रार्थना केव्हाच झाली. आता सरकारनं आपलं काम करावं.” ती आरती मॅडमकडे वळली. ही मुलगी वर्षभरापूर्वीच या गावात आली होती. “मॅडम, जुने आवक रजिस्टर त्या लोखंडी कपाटात असतात. वर्सं लिहून देतो, तुमी फक्त नंबर पाहा. एकशे बारा, दोनशे तीन, सत्याऐंशी.”

 आरती मॅडमनी सरपंचांकडे पाहिलं, कुंदनकडे पाहिलं. मग उठल्या, किल्ली घेतली आणि शाळेशेजारच्या ग्रामपंचायतीत गेल्या. त्या येईपर्यंत वीस मिनिटं लागली असतील. तोपर्यंत शकुन वाचतच राहिली, न थांबता, आणि मंडपातून कोणी हललं नाही. गावाच्या एकोणीस वर्षांतले सगळे साहेब त्या वहीत होते. कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाच्या पोराची दहावी, कुणाची लाच न घेतल्याबद्दल देवाचे आभार, कुणाने घेतल्याबद्दल क्षमा. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग एक पान आलं: “हे प्रभू, पंजाबराव सरपंच झाले. नऊ डिसेंबरला आमचा अर्ज त्यांनी सोता हातात घेतला, आवक नंबर सत्याऐंशी. येत्या बुधवारी त्यांच्या गुडघ्याचं नागपूरले ऑपरेशन हाय, डॉक्टरच्या हाताले यश दे.”

पंजाबरावांनी नकळत उजवा गुडघा चोळला. त्या ऑपरेशनचं त्यांनी स्वतः गावात कोणाला सांगितलं नव्हतं. घरच्यांनी फक्त फुलांचे पैसे देताना शकुनला बोलता बोलता सांगितलं होतं.

आरती मॅडम आल्या, कपाळावर घाम, हातात धूळ खाल्लेली तीन रजिस्टरं. ती टेबलावर उघडून त्यांनी एकेक बोट ठेवलं. “एकशे बारा. विषय, ख्रिस्ती दफनभूमीकरिता जागा मिळणेबाबत.” पान उलटलं. “दोनशे तीन, तोच विषय.” तिसरं उघडलं, आणि आवाज थोडा हळू झाला. “सत्याऐंशी. घेणाऱ्याची सही, सरपंच.”

मंडपात कुजबुज उठली. मागून एक म्हातारा शेतकरी ओरडला, “मंग आला व्हता ना अर्ज, पंजाबराव!”

“वाद होईल गावात,” कुंदन पहिल्यांदा बोलला. “हा विषय असा घाईत...”

“वाद कोन करते?” शकुन गावाकडे वळली.  “मले सांगा ना. तुमच्या घरातली कोनती मयत माह्या फुलांबिगर गेली? तुमचा बाप, तुमची माय, तुमचं लेकरू. पहाटे उठून हार केले म्या. माह्या नवऱ्याले मातर मी तीस किलोमीटर नेलं, अन् रस्त्यावर दोन घंटे माश्या हाकलत बसली. मी तुमाले दया नाही मागत. कुंदनले बी नाही मागत, अन् त्याच्यासाठी देवाले बी इकलं नाही. अर्ज केला हाय. नंबर हाय. हात वर करा, नाहीतं नाही म्हना. पन तोंडावर म्हना, या बुढीच्या.”

पहिला हात त्या मागच्या म्हाताऱ्याचा वर गेला. मग बायकांच्या बाजूने दोन. मग दहा. मग मोजायची गरज राहिली नाही, तरी आरती मॅडमनी मोजले, आणि प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं: ठराव क्रमांक सात. पंजाबरावांचा हात सगळ्यात शेवटी वर आला, अर्धवट, कोपरातून वाकलेला. पण आला. कुंदनने हात वर केला नाही, आणि ते सगळ्या गावाने पाहिलं.

ठराव म्हणजे जागा नव्हे, हे शकुनला कळत होतं. तो आता तहसीलला जाणार, तिथून वर, आणि वर कुठे कोण बसलं आहे ते देवाला ठाऊक. पण गावाने हो म्हटलं होतं, गावाच्याच मंडपात, उजेडात. बाज उचलताना जाईबाई म्हणाली, “नाल्याकडून न्या मले. जागा पाहू द्या.” आणि चौघांनी तिला तसंच नाल्याकाठी नेलं. तिथे बाभळीखाली बाज टेकवून ती बराच वेळ मातीकडे पाहत राहिली. “थंडी हाय जागा,” ती म्हणाली. पास्टर शांतवन बाजूला जाऊन डोळे पुसत होते.

पुढच्या रविवारी जाईबाईने हट्टाने बाज चर्चमध्ये आणवली. तिसरं गीत संपलं. शकुन उठली, पदर घेतला आणि वहीचं कोरं पान उघडलं.

“हे प्रभू, कुंदन आता खुर्चीवर बसले हायेत, जिल्हा परिषद सदस्य. मनून आजपासून त्याहीचं नाव. त्याहीच्या लेकराबाळाले सुखात ठेव. आमच्या तीन पोचा त्याहीच्याजवळ हायेत, आवक नंबर एकशे बारा, दोनशे तीन, सत्याऐंशी. त्या परत द्याची त्याहीले बुद्धी दे. अन् ठराव नंबर सात हाय, तो तहसीलले पोचेलोक रातच्याले त्याहीचा डोया लागू देऊ नको. येशूच्या नावानं मागतो, आमेन.”

या वेळी सोळा घरांचा आमेन छपराच्या पत्र्याला जाऊन लागला. तो विरता विरता बाजेवरून प्रश्न आला.

“नंबर सांगतला का व?”

“सांगतला, आई,” शकुनने वही मिटली. “समदे सांगतले.”